फेसाची वाट पाहू नकोस

काल रात्री तू वेणी पुढे घेऊन कॅमेऱ्यासमोर शेंडे धरलेस, तेव्हा मी फारसं बोलले नाही. घरात पाहुणे होते आणि तुझा आवाज भरून आला होता. पण नंतर मला झोप लागेना. आज दुपारी सगळं आवरून निवांत बसले आहे, तर तुझ्याशी मोकळेपणानं बोलते. मध्येच रागावेन, तेवढं सोस.

आधी एक कर. तो खायचा सोडा न्हाणीघरातून उचल आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेव. तू म्हणालीस, "ताई, अगं नैसर्गिकच आहे की, ढोकळ्यात नाही का घालत?" घालतो. पण पोटाला चालतं ते केसाला चालतंच असं नाही. हे मी वाचून सांगत नाही, माझ्या केसांनी शिकले आहे. लग्न होऊन जालन्याला आले त्या वर्षीची गोष्ट. चिपळूणच्या विहिरीच्या मऊ पाण्यात वाढलेले आपले केस, इथल्या बोअरच्या पाण्यात पंधरा दिवसांत राठ झाले. कुणीतरी सांगितलं, शाम्पू सोड, सोड्यानं धू, वरून व्हिनेगर ओत. पहिले दोन आठवडे केस असे हलके, असे मोकळे वाटले की मी खूश. दोन महिन्यांनी हातात धरले तर काथ्या. फणी शिरेना, शेंडे तुटून ओट्यावर पडायचे. शेवटी कमरेपर्यंतचे केस खांद्यापर्यंत कापावे लागले. आईला सांगितलं की उन्हाळा फार आहे म्हणून कापले. खरं कारण तुलाच आज पहिल्यांदा सांगते आहे.

असं का होतं ते समजून घे, म्हणजे पुढच्या वेळी कुणी काहीही सुचवलं तरी तुझं तुला ठरवता येईल. आपल्या घराची कौलं आठव. एकावर एक, सगळी उताराकडे तोंड करून बसवलेली. केसाचं बाहेरचं आवरण तसंच असतं, बारीक खवल्यांची कौलं, मुळाकडून शेंड्याकडे उतरती. ती नीट मिटलेली असली की केस चकाकतो, गुंतत नाही, आतला ओलावा आत राहतो. ती उचलली गेली की एका केसाचे खवले दुसऱ्यात अडकतात, आणि आपण म्हणतो केस राठ झाले. आता शाळेत सामू शिकलो होतो ना, आम्ल आणि अल्कली मोजायचा? सातच्या खाली आम्ल, वर अल्कली, आणि दर एका अंकाला दहापट फरक. आपल्या टाळूचा सामू साधारण ५.५ असतो, केसाचा त्याहून कमी, चारच्याही खाली. सोड्याच्या पाण्याचा आठच्या वर. म्हणजे तू दर आठवड्याला सगळी कौलं उचकटून ठेवत होतीस. वरून व्हिनेगर ओतलं की थोडी बसतात, पण उचकटायची आणि बसवायची असं किती वेळा करशील? छपरावर रोज माणूस चढला तर शाकारणी करूनही घर गळतंच.

आणि केस काही कातडीसारखा भरून येत नाही, बाळा. तो एकदा टाळूबाहेर आला की त्याच्यात जीव नसतो. महिन्याला जेमतेम सव्वा सेंटीमीटर वाढतो, वर्षाला पंधराएक. तुझी वेणी कमरेपर्यंत आहे, म्हणजे जो शेंडा काल तू मला दाखवलास तो पाच वर्षांपूर्वी टाळूतून निघालेला आहे. तू कॉलेजात होतीस तेव्हाचा. त्याच्यावर तुझ्या परीक्षा, होस्टेलचं पाणी, त्या लग्नातलं इस्त्रीनं सरळ करणं, सगळं होऊन गेलं आहे. म्हणून शेंड्याला जपायचं असतं आणि धुवायची असते ती टाळू. घाम, तेल, धूळ, कोंडा, सगळं मुळाशी असतं. हे एवढं लक्षात ठेवलंस तरी निम्मं काम झालं.

आता शिकेकाईकडे येऊ. तू म्हणालीस, मागे एकदा करून पाहिली, फेसच आला नाही, म्हणून तीन वेळा लावली आणि तरी केस चिकटच. अगं, तिथंच चुकलं. तू फेसाची वाट पाहत बसलीस. शाम्पूच्या फेसाची आपल्याला इतकी सवय झाली आहे की फेस दिसला नाही तर डोकं धुतल्यासारखंच वाटत नाही. पण मळ फेसानं निघत नाही. मळ निघतो तो पाण्यात विरघळलेल्या एका द्रव्यानं. त्याच्या कणाचं एक टोक तेलाला चिकटतं, दुसरं पाण्याला, आणि पाणी ओतलं की ते तेलाला धरून घेऊन जातं. शाम्पूत हे काम कारखान्यात बनवलेली सल्फेटं करतात. शिकेकाईत आणि रिठ्यात सॅपोनिन नावाचं द्रव्य असतं, ते करतं. साबणाला लॅटिनमध्ये सापो म्हणतात, त्यावरूनच हे नाव पडलं. रिठ्याला भरपूर फेस येतो, शिकेकाईला अगदी थोडा, पाण्यावर साय धरावी तेवढा. पण शिकेकाईचं पाणी किंचित आम्ल असतं, म्हणून मळ काढताना ती कौलं उचलत नाही. त्यासाठी तर ती घ्यायची.

रिठ्याची एक गोष्ट तुला आठवत असेल. आई आजीची पैठणी कधी साबणानं धुवायची नाही. रिठे रात्री भिजवून, सकाळी कुस्करून त्या पाण्यात ती पैठणी नुसती खळबळायची. लोकरीची शालही तशीच. सोनारही दागिने रिठ्यानं उजळतात. रेशीम, लोकर आणि आपला केस, तिन्ही प्रथिनांचे धागे. जे पैठणीला सोसवत नाही ते केसालाही सोसवत नाही, असं धरून चालायला हरकत नाही. पैठणी तू सोड्यात बुडवशील का?

आजी आपल्याला न्हायला घालायची ते तुला कितपत आठवतं कोण जाणे, तू लहान होतीस. मला सगळं आठवतं. मागच्या पडवीतली न्हाणी, बंबातलं पाणी, त्याला लाकडाच्या धुराचा वास. पाटावर बसवून ती आधी तेल चोळायची. मग वाटीतली शिकेकाई, पातळ पिठल्यासारखी. "डोळे मीट, घट्ट मीट" असं म्हणेपर्यंत एक ओघळ आलाच डोळ्यात, की मी किंचाळायचे. मग ती तांब्या तांब्या पाणी ओतायची, एका हातानं ओतायचं आणि दुसऱ्या हातानं केस पिंजायचे. ते ओतणं संपायचंच नाही. तेव्हा मला वाटायचं किती वेळ लावते ही. आता कळतं, न्हाणं म्हणजे खरं तर तेच होतं. लावणं दोन मिनिटांचं, चोळणं आणि ओतणं पंधरा मिनिटांचं. आपण शॉवरखाली उभ्या राहून तीन मिनिटांत बाहेर येतो आणि म्हणतो शिकेकाईनं केस निघाले नाहीत.

तुला गंमत वाटेल, शाम्पू हा शब्दसुद्धा मुळात चोळण्याचाच आहे. आपली ती चंपी. पाटण्यात जन्मलेले शेख दीन महंमद नावाचे गृहस्थ इंग्लंडात गेले आणि १८१४ च्या सुमारास त्यांनी ब्रायटनला स्नानगृह काढलं. तिथं वाफेच्या अंघोळीबरोबर अंग चोळून, रगडून देत. त्यालाच तिथं शाम्पू म्हणत. बाटलीतलं द्रव्य हा अर्थ त्या शब्दाला पुष्कळ नंतर चिकटला, आणि आजच्यासारखे सल्फेटवाले शाम्पू तर १९३० च्या दशकातले. म्हणजे बोटांचं काम मुळातलं, बाटली नंतरची.

बरं, आता नीट सांगते कसं करायचं. मी तुला अख्ख्या शेंगा पाठवते आहे, पूड नाही. पुडीचं एक दुखणं आहे, ती लांब केसांत अडकते. कितीही धुतलीस तरी वाळल्यावर फणीतून भुसा पडतो, आणि तो ऑफिसला जाताना काळ्या कुर्त्यावर दिसतो. शिवाय बाजारच्या तयार पुडीत शिकेकाई किती आणि बाकी काय, ते बघून कळत नाही. शेंग हातात घेऊन कळते. चांगली शेंग तांबूस तपकिरी, सुरकुतलेली, मोडली की खट्कन मोडते. बोटाला पांढरी बुरशी लागली तर ती घेऊ नये. हिची काटेरी वेल आपल्या सह्याद्रीच्या रानात सगळीकडे असते, झाडांवर चढत जाते. तुला पुण्यात मंडईच्या आसपास काष्ठौषधींच्या दुकानांत सहज मिळेल. तिथंच रिठे आणि आवळकाठीही माग.

तुझ्या लांबीच्या केसांना एका वेळेला आठ-दहा शेंगा, चार रिठे आणि मूठभर आवळकाठी पुरते. शेंगा मोडून बिया काढ. रिठे फोडून आतली काळी बी फेकून दे, आपल्याला वरचं साल हवं. हे सगळं रात्री तीन पेले पाण्यात भिजत घाल. सकाळी मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं उकळ. पातेलं स्टीलचं घे, लोखंडाची कढई नको. आवळ्यातलं तुरट द्रव्य लोखंडाला लागलं की पाणी काळंकुट्ट होतं. केस काळे दिसावेत म्हणून मुद्दाम लोखंडात भिजवतात, पण ते निराळं काम. कोमट झालं की हातानं चांगलं कुस्कर आणि जुन्या मलमलच्या कपड्यातून पिळून गाळ. काढा दाट चहासारखा दिसतो, वास आंबूस-मातकट. तो वास आवडला नाही तर उकळताना थोडा वाळा नाहीतर कपूरकाचरी टाक. मला विचारशील तर तसाच वास छान. तो आला की मला आपली न्हाणी दिसते.

उरलेला काढा बाहेर ठेवू नकोस. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस, त्यापुढे आंबतो. बाटलीतल्या शाम्पूत टिकण्यासाठी द्रव्यं घातलेली असतात, आपल्यात ती नाहीत, म्हणून आपलं ताजंच हवं.

वर्षभराची पूड करायचीच असेल तर ती मेमधल्या उन्हात, पण ते काम तू एकटीनं त्या फ्लॅटमध्ये करू नकोस. आई अर्धा किलो शिकेकाई, पाव किलो आवळकाठी, पाव किलो रिठे, थोडा नागरमोथा, थोडी मेथी असं सगळं खडखडीत वाळवून डंकावर न्यायची. पिठाची गिरणी शिकेकाई घ्यायचीच नाही, मागाहून दळणाऱ्याचं पीठ कडू व्हायचं. आणि डंकावर तिची धूळ उडाली की अख्ख्या दुकानात शिंका. तोंडाला ओढणी बांधल्याशिवाय तिथं उभं राहू नये. तुला लहानपणी बाळदमा होता, म्हणून तुला तर मी ते सांगणारच नाही.

न्हायच्या दिवशी तेल लावायचं असेल तर अर्धा-एक तास आधी आणि बेताचं. डोकं थबथबेल एवढं नको. शिकेकाई मवाळ आहे, शाम्पूसारखी सगळं तेल खरवडून काढत नाही. आजी दिवाळीला भरपूर तेल लावायची, पण मग शिकेकाईत हरभऱ्याच्या डाळीचं पीठ मिसळायची, पीठ तेल ओढून घेतं. तू तसं करणार असशील तर दोन चमचे पीठ काढ्यात गुठळी न ठेवता कालव आणि पाणी कोमटच ठेव. कढत पाण्यात डाळीचं पीठ शिजतं आणि केसांत गोळ्या होतात, मग त्या काढता काढता दुपार जाते.

आणखी एक. तू जे गुळगुळीत करणारं सीरम लावतेस, त्यात बहुधा सिलिकोन असतं. त्याचा थर शिकेकाईला सहजी निघत नाही. म्हणून सुरुवातीला एकदा साध्या शाम्पूनं दोनदा धुऊन तो थर काढ आणि मग शिकेकाई सुरू कर. मागच्या वेळी केस चिकट राहिले त्याचं हे एक कारण असणार.

आता चोळणं. केस पूर्ण ओले कर. कपाळावर जुना पंचा घडी करून बांध, भुवयांच्या वर, घट्ट. हे अजिबात विसरू नकोस. रिठा डोळ्यात गेला तर नुसती चुरचुर होऊन थांबत नाही, डोळ्याला खरी इजा होऊ शकते. गावाकडे रिठ्यानं ओढ्यातले मासे गुंगवून पकडत, इतका तो जालीम. गेलाच डोळ्यात तर चोळू नकोस, भरपूर साध्या पाण्यानं धू आणि लाली उतरली नाही तर डॉक्टरकडे जा. मान मागे टाकून, काढा वाटीनं थोडा थोडा भांगांमध्ये ओत. एक भांग पाड, ओत, बोटांच्या पेरांनी चोळ. नखांनी नाही. मग दुसरा भांग. कानामागे आणि मानेच्या खळीत तेल सगळ्यात जास्त साठतं, तिथं थांबून चोळ. शेंड्यांना वेगळं काही लावू नकोस. मुळातून ओघळतं तेवढंच त्यांना पुरतं. तीन-चार मिनिटं तसंच राहू दे, उरलेला अर्धा काढा पुन्हा एकदा तसाच लाव आणि मग पाणी. शॉवर नको, बादली आणि तांब्या घे. दोन बादल्या लागतील.

पाण्याचं बोलायला हवं, कारण तुझ्या दुखण्याचं मूळ मला तिथंच दिसतं. तुमच्या सोसायटीत टँकर येतात आणि ते पाणी बहुतेक बोअरचं. नळाच्या तोटीला पांढरं साचतं म्हणालीस ना? तेच क्षार केसावर बसतात. अशा जड पाण्यात साबण लावला तर त्याचा चिकट साका होतो, तो केसावरून निघत नाही. म्हणून अंगाचा साबण किंवा घरी केलेली साबणवडी डोक्याला कधी लावू नकोस, कितीही नैसर्गिक म्हणून विकली तरी. शिकेकाई-रिठ्याचा तसा साका होत नाही. जालन्यात मला तगवलं ते याच गोष्टीनं. तरी शेवटचे दोन तांबे मऊ पाण्याचे घे. पाणी उकळून निवव, तळाला पांढरं बसतं, वरचं अलगद ओतून घे. सगळे क्षार नाही जात, पण बरेच जातात. आणि ते फिल्टरमधून वाया जाणारं पाणी साठवून केसांना वापरते म्हणालीस, ते लगेच थांबव. त्या पाण्यात तर क्षार आणखी दाट झालेले असतात. फरशी पूस त्यानं.

जास्वंदीचं सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. आपल्या अंगणातली लाल जास्वंद, फुलं गणपतीची आणि पानं आपल्या केसांची, अशी वाटणी होती ना. तुमच्या सोसायटीच्या कुंपणाला नक्की असेल, माळ्याला विचारून घे. पंधरा-वीस कोवळी पानं धुऊन पाण्यात हातानं चुरगाळत राहा. पाच मिनिटांत पाणी भेंडीसारखं बुळबुळीत होतं. मिक्सरला लावू नकोस, पानांचा चुरा केसांत राहतो. गाळून ते पाणी शिकेकाई धुऊन झाल्यावर केसांच्या खालच्या अर्ध्या भागाला लाव, पाच मिनिटांनी धुऊन टाक. बाजारचं कंडिशनर जे करतं तेच, केसावर पातळ निसरडा थर. पानं मिळाली नाहीत तर दोन चमचे जवस दोन पेले पाण्यात उकळ आणि गरम असतानाच गाळ. गार झाल्यावर ते गळत नाही, चाळणीतच बसतं. रात्री भिजवलेल्या मेथीचं वरचं पाणीही चालतं. पण हाताला जे जास्वंदीनं लागतं ते दुसऱ्या कशानं मला लागलं नाही.

तांदळाचं धुवण, ताक, मुलतानी माती, अंडं, या सगळ्याचं तू विचारलं होतंस. धुवण लाव हवं तर, नुकसान नाही. ताकाचा वास दोन दिवस जात नाही आणि तुला रोज लोकलनं जायचं असतं. मुलतानी माती तेलकट डोक्याची, तुझे केस आधीच कोरडे आहेत, तुला नको. अंडं लावणार असशील तर एवढंच, गरम पाण्यानं धुऊ नकोस, डोक्यावरच शिजतं.

लिंबाबद्दल मात्र ऐक. लिंबाचा रस थेट टाळूला चोळून उन्हात केस वाळवायला बसू नकोस. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आले की कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात, डाग राहतात. अख्ख्या तांब्याभर पाण्यात एक चमचा रस, शेवटचं पाणी म्हणून, आणि मग सावलीत बसायचं. याहून दाट नको. आणि शिकेकाईनं न्हायलीस तर लिंबाची गरजही नाही, ती आधीच आंबट आहे.

तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीला उवा झाल्यात आणि तिला कुणीतरी सीताफळाच्या बियांची पूड सुचवली आहे, ते तू जाता जाता बोललीस. तिला आजच सांग, नको. ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळ सोलल्यासारखं होतं. असह्य वेदना होतात, नजर धूसर होते. आपल्याकडे अशा कित्येक बायका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे येतात. झाडाची बी आहे म्हणून ती गरीब असते असं नाही. औषधाच्या दुकानात उवांचं औषध मिळतं, ते लाव म्हणावं, आणि बारीक दातांची फणी घेऊन रोज रात्री ओल्या केसांतून लिखा काढा. तुझ्याही डोक्यात बघ.

एक समजूत मात्र डोक्यातून काढून टाक. सहा आठवडे केस चिकट राहतील, मग टाळूला सवय होते आणि तेल सुटायचं कमी होतं, असं तू म्हणालीस. टाळूतलं तेल किती सुटायचं ते शरीरातले हार्मोन ठरवतात. तू काय लावतेस याची त्या ग्रंथींना खबरही नसते. दुसऱ्या-तिसऱ्या न्हाण्यानंतरही केस चिकट वाटले तर धुण्यात काही चुकतं आहे. तेल जास्त झालं, काढा पातळ झाला किंवा पाणी कमी पडलं. सहा आठवडे घामट डोक्यानं ऑफिसला जाऊन कुणाचं भलं होणार आहे?

आणि केस गळण्याचं. तू आठवड्यातून एकदा न्हातेस आणि न्हाणीच्या जाळीवर गोळा दिसला की तुझा जीव घाबरा होतो. रोज पन्नास ते शंभर केस कुणाचेही गळतात. वेणीत अडकून राहिलेले आठवड्याचे केस एकदम निघतात, म्हणून तो गोळा मोठा दिसतो. पण तुझे खरंच जास्त गळत असतील तर ते शिकेकाईनं थांबणार नाहीत, हे मी तुला स्पष्ट सांगते. शिकेकाई धुते, तेवढंच तिचं काम. तुला जूनमध्ये डेंग्यू झाला होता. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भराभरा गळतात आणि मग आपोआप थांबतात, बाळंतपणानंतर माझे गळले होते तसेच. शिवाय तुझं हिमोग्लोबिन मागे कमी आलं होतं. ते आणि थायरॉइड एकदा तपासून घे. पैशांचं मी बघते. आणि कुठं नाण्याएवढी चाई पडलेली दिसली तर घरचं काही लावत बसू नकोस, सरळ त्वचेच्या डॉक्टरकडे जा.

कोंड्याचंही तेच. तेल घातलं की कोंडा जातो असं आईचं म्हणणं, आणि आईशी वाद घालू नकोस, पण तेल लावू नकोस. कोंड्यात टाळूवर वाढणारी एक बुरशी असते आणि तेल हेच तिचं खाणं. तेल लावल्यानं खवले दबतात, एवढंच. खाज सुटत असेल, पिवळट चिकट खवले येत असतील तर डॉक्टर देतील तो औषधी शाम्पू बिनदिक्कत वापर. बाटलीतला आहे म्हणून आपण काही गमावलं असं नाही. मीसुद्धा कामाच्या गडबडीच्या आठवड्यात शाम्पूच वापरते, चमचाभर मगभर पाण्यात विरघळवून, फक्त टाळूला. शिकेकाईला एक निवांत सकाळ लागते. ती ज्या रविवारी असेल त्या रविवारी.

पहिल्यांदा वापरण्याआधी काढ्याचा थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांब. खाज किंवा लाली आली तर मला फोन कर, रिठा वगळून बघू. आणि शेंडे दोन इंच कापून टाक, गं. ते सोड्यानं गेले आहेत, ते आता कशानं परत येणार नाहीत. पार्लरमध्ये जाऊन नुसते सरळ काप म्हणावं, दुसरं काही करायला सुचवतील तर नको म्हण.

पार्सल परवापर्यंत पोचेल. शेंगांच्या पिशवीत मी आजीचा तो निळ्या काठाचा पंचा घातला आहे, कपाळाला बांधायला. शिकेकाईचे डाग पडतील, पडू देत, त्याच्यावर आधीचेही आहेत. केस पुसायला तुझा चांगला पांढरा टॉवेल मात्र घेऊ नकोस.